मौनाची दोन मिनिटं

१

इस्पितळ उघडायच्या अर्धा तास आधी बाई यायच्या आणि सगळ्यांत आधी स्वतःचे कान तपासायच्या. हा त्यांचा विक्षिप्तपणा नव्हता, नियमच तसा होता. श्रवण तपासणीचं यंत्र रोज कुणाच्या तरी चांगल्या कानावर ताडून बघायचं, आणि माजी सैनिकांच्या त्या इस्पितळात चांगला कान एकच होता. शिपायाला निम्मं ऐकू यायचं, तेही सोयीचं तेवढंच. मोठ्या डॉक्टरांच्या कानात मशीन होतं. बाकी सगळे रोगी. म्हणून गेली पंधरा वर्षं बाई रोज सकाळी यंत्र आपोआप चालायला लावून बूथमध्ये बसायच्या, हेडफोन चढवायच्या आणि बारीकसा सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबायच्या. बाहेर टेबलावर दिवा लागायचा आणि कागदाच्या पट्टीवर काळी खूण उठायची. चार मिनिटांत काम संपायचं. मग त्या चहा घ्यायच्या.

बूथ म्हणजे एक लहानशी खोली. दुहेरी भिंती, आतून जाड फोम, खाली गालिचा, मधोमध एक खुर्ची आणि समोर जाड काचेची खिडकी. दार लागलं की आपण गिळलेली थुंकीसुद्धा आपल्याला ऐकू यायची. नव्या माणसाला तिथे गुदमरायला व्हायचं. बाईंना मात्र तिथे बरं वाटायचं. घरी इतकी शांतता कुठे मिळते, असं त्या म्हणायच्या.

युद्ध संपून अडीच वर्षं झाली होती. परत आलेल्यांपैकी काहींना असली दुखणी लागली होती की तपासून तपासून डॉक्टरांनी हात टेकले. ताप नाही, रक्त स्वच्छ, फोटो स्वच्छ, आणि माणूस मात्र उन्हात ठेवलेल्या साबणासारखा झिजत चाललेला. बोटं बधिर व्हायची, दात हलायचे, जिभेवर दिवसभर नाणं ठेवल्यासारखी चव असायची. अशांना इस्पितळात ठेवायचं की घरी पाठवायचं हे मंडळ ठरवायचं, आणि मंडळाला एक पक्की गोष्ट हवी असायची: माणूस खरं बोलतोय का?

ते सांगायचं काम बाईंचं. तपासणीत सूर संपले की त्या दोन मिनिटं काहीच वाजवायच्या नाहीत. बूथमधल्या माणसाला हे माहीत नसायचं. सरळ माणूस गप्प बसून राहायचा. ज्याला काहीतरी दाखवून द्यायचंय तो उतावीळ व्हायचा आणि शांततेतच बटण दाबायचा. जे नाही त्याला हो म्हणणारा माणूस दुखण्याबद्दलही तसाच हो म्हणत असणार, अशी मंडळाची समजूत. तीनपेक्षा जास्त वेळा दिवा लागला की बाई फाइलवर 'अविश्वसनीय' असा शिक्का मारायच्या. त्या शिक्क्याचा त्यांना थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

२

धाकटा भाऊ तपासणीला आला तेव्हा बाई आधी मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या.

"माझा सख्खा भाऊ आहे तो. मी कशी तपासू?"

"मग कोण तपासणार? शिपाई?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नाकासमोर चालणाऱ्या बाई आहात. घ्या तुम्हीच."

बाहेर बाकावर धाकटा दोन्ही पाय वर घेऊन बसला होता. शिपाई त्याच्यावर करवादत होता, "पाय खाली घ्या हो, बसायची जागा आहे ती." धाकट्याने पाय खाली घेतले, पण टाचा टेकवल्या नाहीत. एकेकाळी हा माणूस गॅसची भरलेली टाकी एका हाताने उचलायचा. आता त्याला बूथच्या दारापर्यंत बाईंनी दंडाला धरून नेलं.

सूर छान ऐकले त्याने. एकही चुकला नाही. बाईंना मनातून बरं वाटलं. मग त्यांनी यंत्र बंद केलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मौनाची दोन मिनिटं सुरू झाली.

एकतिसाव्या सेकंदाला दिवा लागला.

बाईंनी काचेतून आत पाहिलं. धाकटा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो खाली, गालिच्याकडे बघत होता. दिवा पुन्हा लागला. मग पुन्हा. दोन मिनिटांत अकरा वेळा. शेवटी शेवटी तर त्याने बटण दाबून धरलं होतं, इतकं की अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

बाई बराच वेळ शिक्का हातात धरून बसल्या. धाकट्याने लहानपणी आईचे पैसे उचलले तेव्हा संध्याकाळच्या आत स्वतः येऊन कबूल केलं होतं. खोटं त्याला जमायचंच नाही, चेहऱ्यावर दिसायचं. पण आजवर सत्तर-ऐंशी लोकांच्या फाइलवर हाच शिक्का मारलाय, त्यांच्याही बहिणी असतीलच. नियम सगळ्यांना एक. त्यांनी शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी मंडळाचं पत्र आलं. महिनाअखेर खाट रिकामी करावी. तोवर फेरतपासणीचा अर्ज करता येईल.

३

भावजय कधी आवाज चढवून बोलली नव्हती, त्या दिवशीही चढवला नाही. वॉर्डातल्या खाटेशेजारी ती धाकट्याच्या पिशव्या भरत होती.

"ताई, इथे सलाईन आहे, कुणी नाडी तरी बघतं. घरी नेऊन मी काय करू? नुसती बघत बसू?"

"अर्ज करू आपण."

"कुणाकडे? शिक्का तर तुमचाच आहे."

 बाई खाटेच्या कडेला बसल्या. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. खाटेच्या चारही पायांखाली त्याने कापडाच्या घड्या घातल्या होत्या. आयाने दोनदा काढून टाकल्या, त्याने दोनदा परत घातल्या.

"का दाबलंस बटण?" बाईंनी विचारलं.

"ऐकू आलं म्हणून."

"मी काही वाजवलंच नव्हतं."

"तू नव्हतंस वाजवलं," धाकटा म्हणाला. "मला माहितीये."

"मग काय ऐकू आलं?"

 बाई उठून जायला लागल्या तेव्हा त्याने हात धरला. बोटं गार होती आणि त्यांना पकड नव्हती. "ताई, दाबलं की थोडा वेळ थांबतं. म्हणून दाबलं. तुला कळू द्यायचं नव्हतं. न दाबता काढली असती ती दोन मिनिटं, पण जमलं नाही."

बाई घरी गेल्याच नाहीत. सरळ फायलींच्या खोलीत गेल्या आणि 'अविश्वसनीय' शिक्क्याच्या फायली खाली काढायला लागल्या. वेळ दुपारची, खिडकीतून ऊन आलेलं, शिपाई दारात पेंगत बसलेला. भिण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

धाकट्याच्या तुकडीतले आणखी तिघे निघाले. वेगवेगळ्या महिन्यांत आलेले, एकमेकांना न भेटता गेलेले. बाईंनी चौघांच्या पट्ट्या टेबलावर एकीखाली एक ठेवल्या. पहिल्या माणसाने मौनात पहिल्यांदा बटण दाबलं ते एकशे चौथ्या सेकंदाला. चार महिन्यांनी आलेल्या दुसऱ्याने ब्याऐंशीव्या. तिसऱ्याने अठ्ठावन्नाव्या. धाकट्याने एकतिसाव्या.

योगायोग असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग पुढच्या खुणा जुळवून पाहिल्या. पहिल्या खुणेनंतर दुसरी किती सेकंदांनी, दुसरीनंतर तिसरी किती. चारही पट्ट्यांत अंतरं तीच होती. पहिल्याच्या पट्टीवर फक्त पहिल्या चार खुणा मावल्या होत्या, कारण दोन मिनिटं संपली. धाकट्याच्या पट्टीवर त्याच चार, आणि त्यांच्या पुढच्या सात.

पहिल्या माणसाच्या फाइलला मागे एक कागद टाचलेला होता. इस्पितळातून घरी पाठवल्यावर साडेतीन महिन्यांनी वारला. बाईंनी तो कागद आधी कधी पाहिला नव्हता. शिक्का मारला की फाइल त्यांच्याकडून जायची.

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आलं. चांगलं पाच मिनिटं रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी चारही पट्ट्या पिशवीत घातल्या. अर्जाला अजून सतरा दिवस होते, आणि शिक्का त्यांचा होता, म्हणजे तो पुसायचंही त्यांनाच होतं.

४

दुसऱ्या माणसाला तुकडीत मास्तर म्हणायचे. युद्धाआधी तो शाळेत गणित शिकवायचा. तिसऱ्या मजल्यावर राहायचा. आधी तळमजल्यावर होता, तो बदलून वर गेला, असं शेजारणीने सांगितलं. त्याने दार उघडलं, बाईंना ओळखलं आणि दार परत लावायला घेतलं.

"तुम्हाला शिव्या घालायच्या असतील तर घाला," बाई दाराच्या फटीतून म्हणाल्या. "पण आत बसून घाला. मला जिना चढून दम लागलाय."

मास्तरला हसू आलं. दात जवळजवळ राहिलेच नव्हते.

त्याने सांगितलं ते थोडक्यातच सांगितलं. त्यांच्या तुकडीचं काम ऐकण्याचं होतं. डोंगराच्या पोटात एक खोली, भिंतीत खुपसलेल्या नळ्या, त्यांना जोडलेले हेडफोन. शत्रूचे लोक भुयार खणत येतात की काय, ते ऐकायचं. आवाज आला की बटण दाबायचं. वर दिवा लागायचा आणि वरचे त्या जागी स्फोट करायचे. चाळीस दिवस ते आळीपाळीने बसले.

"आवाज यायचा?" बाईंनी विचारलं.

"रोज. बटण दाबलं, स्फोट झाला, की थांबायचा. मग परत सुरू."

"म्हणजे भुयार होतंच."

मास्तर खुर्चीवर मांडी घालून बसला होता. त्याने मांडी आणखी आवळून घेतली. "तह झाल्यावर समोरचा अधिकारी भेटला मला. नकाशे घेऊन आला होता बिचारा, सगळं खरं सांगायची घाई झालेली. म्हणाला, त्या डोंगरात आम्ही एक फूटही खणलं नाही. नुसता पाषाण आहे तो. कुदळ लागत नाही."

"मग तुम्ही काय ऐकत होतात?"

"कुदळीचा आवाज नव्हताच तो, बाई. हाताने उकरल्यासारखा होता. घाई नसलेला." त्याने फरशीकडे पाहिलं. "आम्ही तो डोंगर सोडून आलो. एवढं मला कळतंय. ते आमच्यामागे कसं आलं, ते मला कळत नाही."

बाईंच्या डोक्यात शहाण्या माणसाचं सगळं होतं. चाळीस दिवस शांततेत बटण दाबायचं शिकलेला माणूस शांतता आली की बटण दाबणारच, हाताला लागलेली सवय आहे ती. अंतरं जुळतात, कारण चौघं एकाच ठिकाणी एकाच तालावर शिकले. हे सगळं पटण्यासारखं होतं. पहिली खूण दर वेळी आधी का येते, एवढंच त्यात बसत नव्हतं.

"मास्तर, परत एकदा तपासणीला याल? मी मोठ्या डॉक्टरांसमोर घेणार आहे."

"परत शिक्का मारायला?"

"पुसायला."

"आणि नाही पुसला गेला तर?"

"तर मी तुमच्या दारात येऊन बसेन, आणि मला किती बोलता येतं ते तुम्ही आत्ता पाहिलंच आहे."

मास्तरने मान डोलावली. मग म्हणाला, "तिसऱ्यालाही घेऊन येतो. त्याला आम्ही उंच्या म्हणतो. आता वाकलाय, पण नाव तेच."

५

फेरतपासणी ठरली ती सकाळी अकराला. मंडळातर्फे सही करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी आढेवेढे घेतले, पण बाईंनी चारही पट्ट्या त्यांच्यापुढे पसरल्या आणि त्यांचं तोंड बंद झालं.

बाईंनी वायरमनला गाठून दोन जादा बटणं आणि दोन जादा दिवे जोडून घेतले होते. धाकटा बूथमध्ये. मास्तर क्ष-किरणाच्या खोलीत, तिचं दार शिशाचं. उंच्या इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, फायलींच्या खोलीत, आणि दारात शिपाई. कुणाला कुणी दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. तिघांना एकच सांगितलं होतं: ऐकू आलं तर दाबा, नाही तर दाबू नका.

टेबलावर तीन दिवे ओळीने होते. डॉक्टरांच्या हातात घड्याळ.

"हे तिघं ढोंगी असतील," बाई म्हणाल्या, "तर तीन दिवे तीन तऱ्हांनी लागतील."

"आणि नसतील तर?"

"बघू या."

एकोणिसाव्या सेकंदाला तिन्ही दिवे लागले. मागेपुढे नाही, एकदम, एकाच खटक्याने लावल्यासारखे. विझलेही एकदम. मग पुन्हा लागले. डॉक्टरांनी घड्याळ टेबलावर ठेवून दिलं आणि नुसते दिव्यांकडे बघत राहिले. दोन मिनिटांत तेरा वेळा.

"परत घ्या," ते म्हणाले.

परत घेतलं. तिघांच्या जागा बदलून घेतलं. दर वेळी तिन्ही दिवे एकत्र. आणि दर वेळी पहिला उजेड थोडा आधी. एकोणीस, मग अठरा, मग सोळा. हे बाईंनी कागदावर लिहिलं, पण बोलून दाखवलं नाही.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "ढोंग नाही हे. एवढं मान्य. पण मंडळात मला उलट विचारतील. म्हणतील, इमारतीतच कसला तरी आवाज असेल. पाण्याचा नळ, पाया, काहीही. जो या तिघांनाच नाही, चांगल्या कानाच्या कुणालाही ऐकू येईल. मग त्यात आजार कुठला? कान चांगले आहेत, जा घरी, असं म्हणतील."

"मग काय करायचं?"

"जो युद्धावर गेला नाही आणि ज्याचा कान नोंदीत आहे, असा माणूस त्याच खुर्चीत दोन मिनिटं बसवायचा. त्याला काही ऐकू आलं नाही, तर आवाज इमारतीत नाही, यांच्यात आहे. मग हा आजार, आणि मी आत्ता सही करतो. तिघांच्याही कागदांवर."

नोंदीतला कान एकच होता.

"मी त्याची बहीण आहे," बाई म्हणाल्या.

"ज्या बहिणीने भावाच्या फाइलवर शिक्का मारला, तिच्या शब्दावर मंडळात कोण शंका घेईल?" डॉक्टर म्हणाले. "बसा तुम्ही."

६

पंधरा वर्षं बाई त्या खुर्चीत बसल्या होत्या, पण कायम सूर ऐकायला. मौनाची दोन मिनिटं त्यांनी शेकड्यांनी लोकांना दिली होती, स्वतः कधी घेतली नव्हती. त्याची गरजच नव्हती.

त्यांनी हेडफोन चढवला. बटण हातात घेतलं. काचेपलीकडे डॉक्टर, त्यांच्यामागे धाकटा भिंतीला टेकून उभा. दार लागलं आणि नेहमीसारखं कानांत दडा बसल्यासारखं झालं. डॉक्टरांनी हात वर केला आणि खाली आणला, म्हणजे वेळ सुरू.

एक, दोन, असं मोजावं म्हणून बाईंनी मनाची तयारी केली. पण एक म्हणायच्या आत त्यांना ते ऐकू आलं.

आपल्याच कानातलं रक्त असेल, असं आधी वाटलं. मग कापडाचा आवाज, बाहीचा, गालिच्याचा. बाईंचे कान यंत्राइतके पक्के होते, आणि तोच घोटाळा झाला. कारण त्यांना आवाज कुठून येतोय हेही नेमकं कळत होतं. तो खालून येत होता. मास्तर म्हणाला तसाच होता तो. घाई नसलेला. थोडं उकरायचं, थांबायचं, उकरलेलं बाजूला सारायचं, परत उकरायचं. कामाला बसलेल्या माणसासारखा, ज्याला आता थोडंच राहिलंय हे माहीत आहे.

अंगठा आपोआप बटणावर गेला. दाबलं की थांबतं. धाकट्याने सांगितलं होतं, मास्तरने सांगितलं होतं. एकदा दाबलं की झालं.

आणि एकदा दाबलं की टेबलावर दिवा लागणार. आवाज इमारतीत आहे, असं डॉक्टर लिहिणार. धाकटा महिनाअखेर पिशव्या घेऊन घरी जाणार, आणि साडेतीन महिन्यांनी फाइलला मागे एक कागद टाचला जाणार. बाईंनी अंगठा बटणावरून उचलला आणि मुठीत घेतला. मूठ मांडीवर ठेवली, काचेतून दिसेल अशी.

आवाज थांबला नाही. त्याला थांबवायला आज कुणी नव्हतं. तो मोठा होत नव्हता, नुसता जवळ येत होता. बाईंनी चेहरा सरळ ठेवला. पाय उचलून घ्यावेसे वाटत होते, पण डॉक्टर बघत होते. पाय उचलून बसलेल्या बाईला काही ऐकू आलं नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? त्यांनी दोन्ही पावलं गालिच्यावर घट्ट टेकवली. लग्नाच्या फोटोला बसावं तशा बसल्या.

मग उकरणं संपलं.

हे सगळ्यांत वाईट होतं. पूर्ण शांतता झाली, जशी त्या खोलीत पंधरा वर्षं असायची तशी. घड्याळात किती झालं ते बाईंना दिसत नव्हतं. काचेपलीकडे धाकट्याने मान वर केली होती आणि तो त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की तिकडेही आता काही ऐकू येत नाहीये.

उजव्या तळव्याखाली गालिचा किंचित वर आला. बाईंनी खाली पाहिलं नाही. चपलेच्या पातळ तळातून त्यांना आधी एका जागी टोचल्यासारखं झालं, मग तिच्याशेजारी दुसऱ्या, मग आणखी दोन. आणि मग थोडं बाजूला, अंगठा असतो तिथे, पाचवं. पाच जागा हलकेच दाबून राहिल्या. माप घ्यावं तशा.

बाई काचेतून डॉक्टरांकडे बघून हसल्या. हसू नीट यावं म्हणून त्यांनी आईचा चेहरा आठवला. मूठ मांडीवरून हलली नाही.

डॉक्टरांनी हात वर केला. दोन मिनिटं झाली होती.

७

"काही?" दार उघडून डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "एकदम शांत."

आयुष्यात पहिल्यांदा त्या नोंदवहीत खोटं लिहिणार होत्या, आणि अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. मौनात कोणताही आवाज नाही. खाली सही. डॉक्टरांनी तीन फायलींवरचे तीन शिक्के लाल शाईने खोडले आणि प्रत्येकीवर लिहिलं: आजार मान्य, इस्पितळात ठेवावे. मास्तर तो कागद दोन्ही हातांनी धरून खुर्चीतच बसून राहिला. उंच्याने डॉक्टरांचे पाय धरायला घेतले, तर डॉक्टर दचकून मागे सरकले. भावजय दारातून सगळं बघत होती. ती आत आली आणि बाईंच्या गळ्यात पडली. बाईंना तेवढं पुरलं.

मग धाकटा जवळ आला. सगळ्यांचं लक्ष फायलींकडे होतं.

"ताई, दाबायचं होतंस. थांबलं असतं."

"माहितीये."

"आमच्या पायाला कधी लागलं नव्हतं ते. आम्ही तेवढं येऊच दिलं नाही." त्याने बाईंच्या उजव्या पायाकडे पाहिलं. "एवढं जवळ का येऊ दिलंस?"

"तू खाटेवर जाऊन पड आधी," बाई म्हणाल्या. "सलाईन लावायची वेळ झालीय तुझी. मी संध्याकाळी येते."

तो गेला. बाईंनी टेबल धरून उजव्या पायावर भार देऊन पाहिला. पाय होता. बोटं हलवून पाहिली, ती कळेनात. त्यांनी ते मनात एका बाजूला ठेवलं.

डॉक्टर भलतेच खुशीत आले होते. पट्ट्या, कागद, घड्याळ सगळं गोळा करत म्हणाले, "बाई, तुम्ही केवढं काम केलंत याची तुम्हाला कल्पना नाही. त्या तुकडीतले अजून त्रेचाळीस जण आहेत. काहींना इतर इस्पितळांनी घरी पाठवलंय, काही पार अंथरुणाला खिळलेत. आता सगळ्यांना इथे बोलावता येईल. फक्त एक आहे. मंडळ प्रत्येक माणसामागे पुरावा मागेल. त्याच दिवशीचा. म्हणजे प्रत्येकाच्या आधी तुम्हाला आत बसावं लागेल, दोन मिनिटं. तुमच्या पट्टीवर एक जरी खूण उठली, तर आजचं सगळंच रद्द होईल. या तिघांचंसुद्धा."

बाईंनी बूथकडे पाहिलं. दार उघडंच होतं. आत खुर्ची होती, खुर्चीवर हेडफोन होता, आणि खुर्चीपुढे गालिच्याला एक सुरकुती पडली होती. त्या बघत असतानाच ती हळूहळू सपाट झाली.

"रोज किती जण घेता येतील?" त्यांनी विचारलं.

"दोन. फार तर तीन. तुम्हाला त्रास नाही ना होणार?"

बाईंनी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि एक ते त्रेचाळीस आकडे घातले.

"जे अंथरुणाला खिळलेत त्यांची नावं आधी सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्याला उद्या आठला बोलवा. मी साडेसातला आत बसते."